गिऱ्हाईक समोर असेपर्यंत

जुना टेंपो विकणारा माणूस रविवारपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर तो दुसऱ्याला देणार होता. माझी मोठी बहीण सुगरण आहे. त्या टेंपोत स्वयंपाकघर करून खाण्याची गाडी चालवायची, असं तिच्या मनात पक्कं होतं. अडलं होतं ते माझ्या होकारावर. रसायनीच्या कंपनीतलं माझं पॅकिंगचं काम कंत्राटी असलं तरी सवयीचं आहे. गाडीचं मला काहीच ठाऊक नव्हतं. उभी कुठे करायची? विचारायचं कोणाला? आणि कोणी उठवलं तर?

ताई म्हणाली, "घरात बसून घाबरण्यापेक्षा बाहेर जाऊन घाबर."

म्हणून शुक्रवारी रजा टाकली आणि मोटारसायकल काढली. बेत असा : खालापूरमार्गे खोपोली, तिथे मामाकडे मुक्काम, शनिवारी कर्जत आणि कोंडाण्याची लेणी. वाटेत जिथे खाण्याची गाडी दिसेल तिथे थांबायचं आणि चौकशी करायची. असा फेरा कोणाला मारायचा असेल तर हिवाळ्यात मारा. भात कापून झालेलं असतं, शेतांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि रस्ता कोरडा असतो. पेट्रोलची टाकी एकदा भरली की दोन्ही दिवस पुरते. जुन्या महामार्गावर मात्र अवजड वाहनं खूप. मी सगळा वेळ कडेनेच चालवली.

खालापूरला चहा घेतला आणि दुपारच्या आत खोपोलीत पोचलो. नगरपरिषदेच्या खिडकीपाशी रांग नव्हती, तरी मी बाहेर दोनदा घुटमळलो. आत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फिरता विक्रेता की एका जागचा?"

मी गोंधळलो. "गाडी फिरते, मॅडम. पण शेगडी पेटली की फिरता येत नाही."

त्या हसल्या. मला वाटलं, झालं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सावकाश समजावलं. अन्नपदार्थांची नोंदणी वेगळी. टेंपोत बदल केला की परिवहन कार्यालयातून तो गाडीच्या नोंदणी पुस्तकात चढवून घ्यायचा. आग विझवायचं नळकांडं हाताशी हवं, शेगडीमागे लपवलेलं नको. शहरात जागा ठरवायला समिती असते, आणि गावात उभं राहायचं तर ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. "प्रत्येक गावाचं आपलं काहीतरी असतं हो. जिथे जाल तिथे आधी बोर्ड वाचा," त्या म्हणाल्या. मी अकरावीत शाळा सोडली. खिडकीपलीकडचं माणूस माझ्याशी इतकं निवांत बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आभार इथेच मानतो.

रात्री मामा म्हणाला, "चाकं हायत म्हंजे सुटलास असं नाय रं. चाकं हायत म्हनूनच तुला सगळे पुढं ढकलनार."

त्या वाक्याने मला नीट झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी पळसदरीमार्गे कर्जतला आलो. हा रस्ता अरुंद आहे, पण डोंगर सतत सोबतीला असतो. कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागलं की शेतघरांच्या पाट्या संपेपर्यंत जरा कंटाळा येतो. मग उल्हास नदी दिसते आणि हवा बदलते. लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) वळणावरच्या आंब्याखाली निळा टेंपो उभा होता. बाजूची फळी खाली पाडलेली, आत चुलीएवढी मोठी शेगडी, बाहेर दोन बाकडी. मालकीण राबियाआपा. टेंपो त्याच चालवतात आणि भाकऱ्याही त्याच थापतात. समोर पंचायतीचा बोर्ड होता. मी तो आधी वाचला : "फिरत्या खाद्यगाड्यांनी ग्राहक समोर असेपर्यंतच उभे राहावे."

मी तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा मागवला. दोन माणसं जेवतील एवढं ताट, दीडशेच्या आत. रस्सा असा की भाकरी बुडवायच्या आधीच बोट बुडावं. मी भराभरा जेवतो. लेण्यांना पोचायचं होतं, तिथून उतरायचं होतं, अंधाराच्या आत घर गाठायचं होतं. ताट पुसून उठणार, तेवढ्यात मोटारसायकलवरून पंचायतीचे शिपाई आले. सगळे त्यांना मधूकाका म्हणतात.

"आपा, गिऱ्हाईक कुटं हाय?"

"ह्यो काय बसलाय."

काका माझ्या ताटात डोकावले. "ह्याचं ताट तर धुतल्यासारखं झालंय."

"चा यायचाय त्याचा," आपा म्हणाल्या आणि न मागता चहा ओतायला लागल्या. मग माझ्याकडे वाकून हळू म्हणाल्या, "जरा बस रं. लेण्यांवरून पोरापोरींचा मोठा घोळका उतरतोय. सकाळी जाताना वीस ताटं सांगून गेलेत. वर फोन लागत नाय. मी हितनं खालच्या पुलाकडं हलले तर ह्या जागेवर मोटारी घुसतील नि ती पोरं आपाची गाडी गेली म्हनून तशीच निघून जातील. एवढा रस्सा मी कुनाला घालू?"

कढईत तेल तापलेलं होतं. पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. मी खाली बसलो.

पण हे नियमात बसतं का? न राहवून मी काकांनाच विचारलं.

"तू गिऱ्हाईक हायस का नाय?" काका म्हणाले.

"आहे."

"मग बस की गप. आन हा नियम आमी गंमत म्हनून नाय केला. मागं एकानं हितंच गाडी लावली, चाकांना विटा लावल्या, कडंला दुधी पेरला. वेल पार टपावर चढला व्हता! हटवायला गेलो तर म्हनतो, माजी गाडी फिरती हाय."

आपा म्हणाल्या, "आनी दुधी मात्र तुमीच घेऊन गेलात घरी."

"पंचायतीच्या जागंतला व्हता तो!" काका म्हणाले आणि वरच्या वस्तीकडे निघून गेले.

मला नुसतं बसवेना. खरं गिऱ्हाईक असावं म्हणून मी ऑम्लेट मागवलं. मग कांदाभजी. मग पुन्हा चहा. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, असं शाळेत सांगितलं होतं. ते त्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिलं. सूर्य डोंगरावरून पुढे सरकला. लेण्यांच्या वाटेवर कोणी दिसेना. शेवटी आपाच म्हणाल्या, "पुरे आता. पोट फुटलं तर त्याचा नियम वेगळा असंल."

मी कप खाली ठेवला आणि नेमके त्याच वेळी मधूकाका परत आले. त्यांनी रिकामा कप बघितला. आपांनी शेगडी बंद केली, कढई उचलायला फडकं घेतलं. "चला," म्हणाल्या, "नियम तो नियम." मला फार वाईट वाटलं. टेंपोवाल्याला नाही म्हणून सांगायचं, हे मी त्या क्षणी मनात ठरवूनही टाकलं. मामाचं खरं होतं. चाकं आहेत म्हणून ढकलणार.

"मी बसलो असतो," काका म्हणाले, "पन मी पंचायतीचा. मलाच गिऱ्हाईक कसं धरू?" मग त्यांनी फोन काढला. "अगं, भाकऱ्या थापू नकोस. आपाच्या गाडीवर ये. जेवायला! हां, आत्ता. नाय गं, कोन मेलं नाय."

काकी आल्या त्या पदराला हात पुसत आणि बोलतच. "सगळ्यांना उठवत फिरतो आन मला बसवतोय! काय खाऊन आलाय काय हा?" आपांनी शेगडी पुन्हा पेटवली, ताट वाढलं, पाण्याचा पेला भरून समोर ठेवला. काकी बाकड्यावर बसल्या. ताटाकडे थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पहिला घास घेतला आणि मांडी घालून नीट सावरून बसल्या.

"आता मी उठनार नाय," काकी म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून मला असं कुनी बसवून वाढलं नाय. लिवून घ्या पंचायतीत."

काका म्हणाले, "आगं, सावकाश जेव."

"मंग काय धावत जेवतेय का मी?"

आम्ही चौघंही हसलो. काकींनी अर्धी भाकरी संपवायला जो वेळ लावला, तेवढ्यात मी दोनदा जेवलो असतो. त्यांनी दुसरी भाकरी मागितली, रस्सा मागितला, वर लिंबूही मागितलं. त्यांच्या ताटात शेवटचा घास उरला होता, तेव्हा वळणावरून धुळीने माखलेली पोरंपोरी उतरताना दिसली. "आपा, आहात ना?" लांबूनच कोणीतरी ओरडलं.

मग मी पाण्याचे पेले भरले, काकांनी रस्त्यातल्या मोटारी मागे घ्यायला लावल्या. पातेलं रिकामं झालं. आपांनी माझे भज्यांचे पैसे घेतले नाहीत. मी हट्ट केला तर म्हणाल्या, "ते गिऱ्हाईकगिरीचे."

लेणी बघायची राहून गेली. घोळक्यातली एक मुलगी म्हणाली की फार सुंदर आहेत. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर चढा, पाणी सोबत ठेवा, आणि उतरल्यावर आंब्याखाली निळा टेंपो दिसला तर सावकाश जेवा. तुमच्या बसण्याने कोणाची तरी जागा टिकत असेल.

दिवेलागणीला रसायनीत घरी पोचलो. ताईने दारातच विचारलं, "लेणी कशी होती?"

"बघितली नाहीत."

"मग दिवसभर केलंस काय?"

"बसलो होतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं सांगून टाकलं. त्या बोर्डावरचं वाक्य आधी मला धमकीसारखं वाटलं होतं. सांगता सांगता ते तसं राहिलं नाही. समोर कोणी असेपर्यंत उभं राहायचं, एवढंच तर त्यात आहे. आणि कोणीतरी येतं. मी ताईसमोरच टेंपोवाल्याला फोन लावला, घेतो म्हणून सांगितलं.

ताई नेहमीप्रमाणे माझं ताट घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे ओट्याला टेकून उभी राहिली. तिचं जेवण कायम उभ्यानेच होतं, हे मला त्या दिवशी दिसलं. मी ते ताट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ताई, तू बस. मी वाढतो."

"मला काय झालंय?"

"आपलं पहिलं गिऱ्हाईक तू," मी म्हणालो. "सावकाश जेव."