पहिल्या रविवारचा प्याला

मी मुळात भित्री बाई, हे आधीच सांगून टाकते. पाल पडली तरी गल्ली गोळा करणारी. भित्र्या माणसाची जीभ तिखट असते म्हणतात, तशी माझीही होती. पण त्या वर्षी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि त्याची किंमत यांनी मोजली.

यांना नाताळापासून खोकला होता. हे लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर, दिवसभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मी म्हणायचे, शिशाची धूळ लागली असेल. आल्याचा रस झाला, अडुळशाचा काढा झाला, छातीला तेल चोळून झालं. मार्चातल्या एका सकाळी यांनी मोरीत गुळणी टाकली ती लाल. मी तांब्याभर पाणी ओतलं आणि यांच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या मिरजेला जायचं." कोल्हापुरातल्या डॉक्टरकडे न्यायची माझी छाती झाली नाही. इथल्या डॉक्टरला कळलं म्हणजे पेठेला कळलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि सरळ सांगितलं, "क्षय आहे. औषधं आता चांगली निघालीत, पण दीड वर्ष नेमानं घ्यायची. पहिले काही महिने ताट, वाटी, पेला वेगळा. यांचं उष्टं कोणी प्यायचं नाही."

हे मान हलवत होते. मी बोटांवर दिवस मोजले. आठच दिवसांपूर्वी पहिला रविवार होऊन गेला होता.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. मंडळी म्हणजे देवळात येणारी आम्ही पाऊणशे ख्रिस्ती माणसं, आणि पाळकसाहेब आमचे धर्मगुरू. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. तबकात भाकरीचे बारीक तुकडे, आणि प्याला सगळ्यांना मिळून एकच. त्यात द्राक्षारस म्हणायचा, पण तो मनुका उकळून, गाळून केलेला रस. एकजण प्यायला की देवळातले वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी, पांढऱ्या फडक्यानं कड पुसायचे आणि प्याला पुढच्याच्या हातात द्यायचे. वीस वर्षं मी त्यातून प्याले. आपल्या आधी कोण प्यालं, हा विचार कधी शिवला नाही. यांच्यानंतर प्याले होते ते शेजारी बसणारे एक म्हातारे काका, पोस्टातून निवृत्त झालेले. आणि त्यांच्यानंतर आणखी आठ-दहा जण.

परतताना गाडीत मी यांच्या कानाशी लागून म्हणाले, "कोणाला सांगायचं नाही."

"पाळकसाहेबांना तरी सांगूया. प्रार्थना करतील."

"मुळीच नाही! पलीकडच्या गल्लीत त्या मास्तरांचं काय झालं ते बघितलंत ना? आठ दिवसांत घर सोडावं लागलं. बायकोशी नळावर कोणी बोलेना. आणि मी बालवाडीत शिकवते. उद्या कळलं तर एक पोर माझ्या हाताखाली ठेवतील का? शब्द द्या मला."

यांनी शब्द दिला. खिडकीबाहेर बघत दिला, पण दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकून धरताना बोटं किती दुखतात ते धरणाऱ्यालाच ठाऊक. छापखान्याच्या मालकांना मी कावीळ सांगितली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना संधिवात सांगितला, कारण रोजचं इंजेक्शन मीच घरी द्यायचे आणि सुई उकळल्याचा, स्पिरिटचा वास जिन्यात उतरायचा. मुलगी सहा वर्षांची; तिला कुरुंदवाडला माझ्या आईकडे ठेवून आले. आईला सांगितलं, यांची कामाची पाळी बदललीय. एकदा तर मी घरमालकीणबाईंना कावीळ म्हणून गेले. त्या म्हणाल्या, "आन संधिवात कुठं गेला?" मी म्हणाले, "दोन्ही आहे!" घरात येऊन दार लावलं आणि कोणाला काय सांगितलंय त्याची उजळणी केली.

मी दिवसातून दोन प्रार्थना करायचे. देवा, यांना बरं कर, ही एक. देवा, कोणाला कळू देऊ नकोस, ही दुसरी. खरं सांगते, दुसरी जास्त कळकळीची असायची.

पुढचा पहिला रविवार आला. हे घरी थांबले तर मंडळीतले लोक विचारायला येणार, म्हणून जाणं भाग होतं. पण प्याला घ्यायचा नाही हे यांचं आधीच ठरलं होतं. "माझ्यामुळं दुसऱ्याला होता कामा नये," एवढंच म्हणाले. मला वाटलं, बसून राहतील, कोणाच्या लक्षातही येणार नाही. किती अडाणी मी! आमच्यात प्रभुभोजनाच्या वेळी जो जागेवर बसून राहतो, त्याच्या मनात काहीतरी पाप आहे, असाच अर्थ होतो. अयोग्य रीतीनं घेऊ नका, असा इशारा दर वेळी आधी वाचला जातो. त्यानंतर बसून राहणं म्हणजे आपण होऊन सांगणं, की मी अयोग्य.

सगळी रांग उठली. हे बसले. वडिलांनी प्याला धरून क्षणभर यांच्यापुढे थांबून पाहिलं, यांनी मान खाली घातली, आणि प्याला काकांकडे गेला. उजव्या बाजूच्या सगळ्या माना डावीकडे वळल्या, आणि मग एक एक करून माझ्याकडे.

दुसऱ्या महिन्यात तेच झालं. त्या दिवशी पोस्टातले काका उपासनेत तीनदा खोकले. यांनीच दिला, यांनीच दिला, असं मनात चाललं होतं. गीत कुठलं चालू होतं, देव जाणे.

बाहेर पडल्यावर तीन-चार बायकांनी मला घेरलं. एक म्हणाली, "तुझ्या मालकांना पंचगंगेच्या वाटेवर कट्ट्यावर बसलेलं बघितलं म्हणे. डुलत होते. डोळे लालभडक." दुसरीनं हळूच विचारलं, "पितात का गं?"

त्या दिवशी यांना ताप होता. मोकळी हवा घ्यायला मीच पाठवलं होतं, आणि चक्कर आली म्हणून टेकले होते. हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण तापाचं सांगितलं की पुढचा प्रश्न, कसला ताप? मी पदरानं डोळे टिपले आणि काहीच बोलले नाही. बायकांनी चुकचुक केलं. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, देवाशपथ. दारुड्याच्या बायकोला कोणी घर सोड म्हणत नाही.

आणि हे कोण? माझ्या सासऱ्यांनी दारूपायी घरची भांडीसुद्धा विकली होती. लहानपणी उपाशी झोपलेला माणूस. लग्नाच्या वरातीतही दारूचा वास आला तर रस्ता बदलायचे. घरी येऊन मी यांना काही सांगितलं नाही. पण छापखान्यातल्या एकानं सांगितलं असावं. एका दुपारी मी इंजेक्शन देत असताना हे म्हणाले, "लोक मला पिणारा म्हणतात. तुला माहीत होतं?" मी म्हणाले, "हलू नका, सुई मोडेल." यांनी मान भिंतीकडे फिरवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंडावरचा हात माझा होता.

तिसऱ्या महिन्यातही तसंच झालं. त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. वयस्कर, मऊ बोलणारे. सोबत तेच वडील, प्याला फिरवणारे. त्यांची लाकडाची वखार होती आणि आवाज करवतीसारखा. मी आत स्टोव्हवर सुईचा डबा उकळत ठेवला होता. डबा खडखडत होता. मी स्टोव्ह बारीक केला आणि दाराआड उभी राहिले.

पाळकसाहेबांनी आधी प्रार्थना केली. मग म्हणाले, "बाबा, तीन महिने तू प्रभूच्या मेजापासून दूर आहेस. मनात काय आहे ते मोकळं कर."

यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

वडील म्हणाले, "आडपडदा कशाला? पितोस म्हणत्यात. व्हय का न्हाय ते सांग की!"

मला यांची पाठ तेवढी दिसत होती. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आली होती. पाळकसाहेब पुन्हा म्हणाले, "कबूल केलंस तर क्षमा आहे. लपवलंस तर नाही."

मग यांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "होय. पितो."

मला वाटलं, जमीन फाटावी. ह्या माणसानं मला दिलेला शब्द पाळायला देवाच्या माणसापुढं नसलेलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी दाराआड उभी! मी बाहेर आले तेव्हा हातात चिमटा तसाच होता.

"खोटं आहे!" मी ओरडले. "थेंब शिवला नाही यांनी कधी! क्षय झालाय यांना, क्षय! मीच तोंड बंद केलं यांचं!"

वडिलांनी खुर्ची मागं सरकवली. फरशीवर तिचा आवाज झाला. खिशातला रुमाल त्यांनी तोंडाला लावला, मग काहीतरी आठवून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अन् मार्चात प्याला तू घेतलातास की रं!" ते म्हणाले. "मी त्याच्यामागनं प्यालोय! आदी सांगायचं न्हाय व्हय?" हे म्हणाले, "तेव्हा मला माहीत नव्हतं हो." पाळकसाहेबांनी उठून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना एवढंच म्हणाले, "शनिवारी प्रभुभोजन इथं घेऊन येतो."

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. माझं ओरडणं खाली ऐकू गेलं असणारच. सकाळी जिन्यात घरमालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"संधिवात म्हनं!" त्या म्हणाल्या. "मला काय वास कळत न्हाय व्हय? माझा थोरला दीर ह्याच रोगानं गेला, ह्याच घरात. मला पयल्या महिन्यातच कळलंतं. त्यांची थुंकी माझ्या मोरीत नको, राखंच्या डब्यात घ्या आन जाळून टाका." घर सोडा म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून जिना रोज फिनेलनं धुवायला लागल्या, अगदी आमच्या उंबऱ्यापर्यंत. बालवाडीतून मात्र मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. मार्चात प्याला घेतलेल्यांना पाळकसाहेबांनी एकेक करून छातीचा फोटो काढायला पाठवलं. सगळे स्वच्छ निघाले. पोस्टातल्या काकांचा खोकला विडीचा होता.

पण हे निकाल नंतर आले. शनिवारी पाळकसाहेब आले तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्याबरोबर वडीलही आले, हे मात्र मानलं पाहिजे; दाराजवळच्या खुर्चीत आखडून बसले, पण आले. मी टेबलावर धुतलेली चादर घातली. पाळकसाहेबांनी छोट्या पेटीतून भाकर काढली, बाटलीतून प्याल्यात रस ओतला, चौघांपुरता. भाकर सगळ्यांनी घेतली.

"आजाऱ्याला आधी," पाळकसाहेब म्हणाले. आजाऱ्याच्या घरी तशीच त्यांची रीत होती. त्यांनी प्याला यांच्या हातात दिला. यांच्यानंतर मी होते.

तीन महिने मी यांचा पेला राखेनं घासून, उकळून वेगळ्या फळीवर ठेवत आले होते. अंथरूण वेगळं, टॉवेल वेगळा. लेकीला दूर धाडलं होतं. आणि आता यांच्या ओठांचा प्याला माझ्याकडे येणार होता, देवाच्या नावानं, पाळकांच्या समोर. मी मनात म्हणत होते, प्रभू, मला विश्वास दे. विश्वास काही येत नव्हता.

यांनी प्याला ओठांजवळ नेला आणि मान वर करून पाहिलं. पाळकसाहेबांकडे नाही, वडिलांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय लिहिलेलं होतं ते मला आरशाशिवाय माहीत आहे.

मग हे प्यायला लागले. एक घोट घेऊन थांबायचं असतं, हे थांबले नाहीत. मधे ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी प्याला खाली घेतला नाही. शेवटचा थेंब जाईपर्यंत प्यायले, रिकामा प्याला चादरीवर ठेवला आणि म्हणाले, "संपला. माफ करा."

दाराजवळ वडिलांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. पाळकसाहेबांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी फडक्यानं कड नीट पुसली, बाटली उचलली आणि मला विचारलं, "बाई, तुमच्यासाठी पुन्हा भरू?"

"नको," मी म्हणाले. विचार करायच्या आत म्हणाले. यांनी ऐकलं.

औषधं लागू पडली. दीड वर्षानं डॉक्टरांनी थुंकी स्वच्छ आहे म्हणून सांगितलं, लेक घरी आली, मंडळीतही हे पुन्हा पहिल्यासारखे जायला लागले. त्यानंतर हे बावीस वर्षं जगले. रागावायचे नाहीत असं नाही. आमटीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घ्यायचे. पण त्या 'नको'बद्दल बावीस वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. एकदा तरी बोलायला हवं होतं. म्हणजे मलाही सांगता आलं असतं, की मी फार घाबरले होते हो.