नाव बदललं की झालं

वृद्धाश्रमाच्या तळघरात इस्त्रीची खोली होती आणि तिथल्या बाईला सगळे इस्त्रीमावशी म्हणत. आचारी म्हणे, डॉक्टर म्हणे, तिच्याहून कितीतरी थोरले आजी-आजोबाही म्हणत. साऱ्या आश्रमाची ती मावशी आणि पोटच्या पोरीचीही मावशीच. ही शेवटची गोष्ट मात्र दोघींनाच ठाऊक होती, तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला.

नवरा गेला तेव्हा ती पोटुशी होती. बहिणीचं घर भरलेलं, पाळणा तेवढा रिकामा. मुलगी जन्मली ती बाळंतिणीच्या खाटेवरून परस्पर बहिणीच्या मांडीवर गेली. पुन्हा हा विषय काढायचा नाही असं दोघींनी ठरवलं आणि पाळलं. मुलगी मोठी झाली, बहिणीच्या बटणांच्या दुकानात बसू लागली. रविवारी मावशीला भेटायला तळघरात यायची, गरम कपड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकून गिऱ्हाइकांच्या नकला करायची. मावशी पोट धरून हसायची. नुसत्या वासावर पोट भरायची सवय तिला लागली होती.

गुरुवार विद्यापीठातल्या मुलांचा. त्यांना समाजसेवेचा एक विषय होता आणि तो आश्रमात येऊन सुटायचा. मुलं यायची, आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवायची, नखं कापायची, फोटो काढायची.

"माझी नखं परवाच कापली," पोस्टमास्तर आजोबा कुरकुरायचे. "आता बोटं राहिलीत. तीही घ्या, पण पोरांना मार्क मिळू देत."

मुलं जाताना त्यांच्या पाया पडत, मग आजोबाही विरघळत.

त्यातली एक लांब वेणीवाली मुलगी वर न थांबता खाली येऊ लागली. म्हाताऱ्या अंगांचा वास तिला सोसत नव्हता; तळघरात निदान कपड्यांचा, वाफेचा वास होता. मावशीने तिला चादरीची दोन टोकं धरायला दिली. चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही. दोघींनी लांब उभं राहून ती ताणायची, झटकायची, मग टोकं जुळवत एकमेकींकडे यायचं. हात कामात असले की तोंडाला कुलूप राहत नाही.

आधी वेणीवालीच बोलली. "माझी आजी पण अशाच आश्रमात आहे, मावशी. नदीपलीकडे. आई सगळ्यांना सांगते, काकांकडे परदेशात गेलीय म्हणून."

"तू जातेस की नाही?"

"एकदाही नाही. इथे येते, पण तिथे पाय उचलत नाही." चादर मध्येच धरून ती रडली.

त्या रडण्याला उत्तर म्हणून मावशीने आपलं गाठोडं सोडलं. नवरा, पाळणा, बहीण, सगळं. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते एका परक्या पोरीला सांगितलं, आणि त्या दिवशी तिला हलकं वाटलं, हे नाकारून चालणार नाही.

या विषयाची एक रीत होती. सत्र संपताना विद्यापीठाच्या सभागृहात मोठा कार्यक्रम व्हायचा आणि ज्याची सेवा केली त्याची कहाणी विद्यार्थ्याने 'मी' होऊन वाचायची. नाव बदलायचं, बाकी सगळं मनापासून. मावशीला पुढच्या रांगेत बसवलं होतं. शेजारी बहीण आणि मुलगी. मावशीचा सत्कार आहे म्हणून वेणीवालीने त्यांना आपणहून बोलावून आणलं होतं.

वेणीवाली वाचू लागली. तळघरातली खोली आली, डाव्या मनगटावरचा इस्त्रीचा चटका आला. मुलीने हसून मावशीच्या मनगटाला हळूच चिमटा काढला. मग बटणांचं दुकान आलं आणि ते हसू तिथेच विझलं. पाळणा आला तेव्हा बहीण उठून बाहेर गेली. मुलगी शेवटपर्यंत बसून राहिली, हात मांडीवर, नजर समोर. सभागृह रडत होतं. हा विषय शिकवणारे सर माइकवर म्हणाले, "काळजाला हात घातला हो."

दुसऱ्या दिवशी वेणीवाली धावत खाली आली. "मावशी, पण मी नाव बदललं होतं."

मावशी इस्त्री फिरवत राहिली. त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली नाही. पुढच्याही नाही. बहिणीचा निरोप आला : तुझं नाव काढू देत नाही, माझ्याशीही कामापुरतं बोलते. मावशी रविवारी खोलीचं दार उघडं ठेवून बसायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की इस्त्री उचलून धरायची, कापड जळू नये म्हणून. पाऊल दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं.

वर्ष फिरलं. नवी मुलं आली आणि त्यांच्याबरोबर वेणीवालीही. आता ती सरांची मदतनीस झाली होती, त्याच वाचनाच्या जोरावर. मावशीने तिला बसायला स्टूल दिलं, चहा दिला, आईची विचारपूस केली. वेणीवालीला वाटलं, मावशी विसरल्या. नागिणीने डूख धरला की ती फूत्कारत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

या खेपेला खाली आली ती एक शिंकरी मुलगी. खळीचा वास नाकात गेला की सटासट शिंकायची आणि दर शिंकेला "सॉरी मावशी" म्हणायची. पोर साधी होती. मावशीने तिच्या हातात चादर दिली.

"माझी कहाणी गेल्या वर्षी वाचून झाली गं," मावशी म्हणाली. "शिळं कशाला वाचतेस? तुला एका मुलीची सांगते. इथे सेवेला यायची."

आणि तिने सांगितली. नदीपलीकडचा आश्रम, परदेशातले काका, म्हाताऱ्या अंगाचा न सोसणारा वास. एक अक्षर पदरचं घातलं नाही. तशी गरजच नव्हती.

शिंकरीचे डोळे भरले. "पण मावशी, तिला चालेल का?"

"नाव बदल. नाव बदललं की झालं."

"सरही तेच म्हणतात," शिंकरी म्हणाली आणि शिंकली.

कार्यक्रमाला मावशी ठेवणीतली साडी नेसून गेली. त्या दिवशी वेणीवालीचा सत्कार होता. पुढच्या रांगेत तिची आई, मागे नातलग, आणि टोकाला काठी टेकत आलेली एक म्हातारी, आजीची धाकटी बहीण. शिंकरी उभी राहिली. "मी दर गुरुवारी परक्या आजींच्या सेवेला जाते," तिने सुरुवात केली. "माझी स्वतःची आजी नदीपलीकडे आहे."

मावशी वाचणारीकडे पाहत नव्हती. व्यासपीठावर फुलांचा गुच्छ घेऊन बसलेल्या वेणीवालीचा रंग कसा उतरत जातो ते ती पाहत होती, एकेक छटा, पापणी न लववता. काकांचा परदेश आला तेव्हा काठीवाली म्हातारी पुढे वाकली.

"अगं," ती वेणीवालीच्या आईला म्हणाली, आणि कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे सगळ्या सभागृहाला म्हणाली, "मग ताईला फोनवर ऐकू येत नाही म्हणत होतात, ते काय?"

टाळ्या वाजल्या नाहीत. मावशीच्या पोटात कितीतरी महिन्यांनी गार वाटलं.

वेणीवाली संध्याकाळीच तळघरात आली. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं."

"मीही."

"मला वाईट करायचं नव्हतं, मावशी. मला खरंच वाटलं होतं की..."

"मला करायचं होतं," मावशी म्हणाली. "तेवढाच आपल्यात फरक. जा आता, आणि आजीकडे जायचं असेल तर अंधार पडायच्या आत जा. भेटीची वेळ संपते."

ती गेली. मावशीला पश्चात्ताप शिवला नाही. उलट, रात्री तिला गाढ झोप लागली.

रविवारी जिन्यावर पाऊल वाजलं. या वेळी ते तिचंच होतं. मुलगी दारात उभी राहिली, खांद्यावरची पर्स तशीच.

"त्या मुलीचं तू भर सभेत वाभाडे काढलेस म्हणे. दुकानात गिऱ्हाईक सांगत होतं."

"तिने तुला माझ्यापासून तोडलं."

"तिने?" मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिच्यावर मी एक दिवसही रागावले नाही. ती बोलली म्हणून मला कळलं तरी. तू कधी सांगितलं असतंस?"

मावशीची इस्त्री कापडावर जागच्या जागी थांबली.

"नसतंस. आणि ओळख ना पाळख, एका पोरीला बसून सगळं सांगितलंस. मी दर रविवारी इथेच बसायचे ना गं? याच गठ्ठ्याला टेकून."

मावशीने इतक्या दिवसांत सुडाच्या सगळ्या बाजू उलटून पाहिल्या होत्या, ही एक पाहिली नव्हती. इस्त्रीखालून कापड करपल्याचा वास आला. तिने इस्त्री उचलली, बंद केली.

"बस," ती म्हणाली.

"नाही बसत. आधी सांग. तिला सांगितलंस तसं, पहिल्यापासून. आणि आईला वाचवू नकोस, स्वतःलाही नको."

मावशीने पदराने तोंड पुसलं. "तुझे वडील गेले," ती म्हणाली, "तेव्हा तू माझ्या पोटात होतीस."

मुलगी उभीच होती, पण दाराला टेकली.