गाडीनानांच्या चिठ्ठीची मागची बाजू

हे मी लिहिणारच नव्हते. खरं सांगते. टायपिंगच्या क्लासात दोनदा मशीनला कागद लावला आणि दोनदा ओढून काढला. नानांनी बजावलं होतं, "गंगे, हे कुणाला बोलू नको. लोक म्हणतील, म्हातारा कामातनं गेला." आणि दुसरं म्हणजे मलाच भीती वाटत होती. पण परवा येडशीला गेले आणि नानांची ट्रंक बघितली. रिकामी. तेव्हापासनं घास गोड लागेना. नागपंचमीला तीनच आठवडे राहिलेत. म्हणून लिहिते, भराभरा, चुका झाल्या तर होऊ द्या.

नाना म्हणजे राघवेंद्रनाना. येडशी स्टेशनावर बार्शी लाईटच्या, म्हणजे छोट्या गाडीच्या, तिकीटखिडकीत सव्वीस वर्षं बसले. आता रिटायर होऊन स्टेशनामागच्याच गल्लीत एकटे राहतात. सगळे त्यांना गाडीनाना म्हणतात. आमच्याकडच्या वाशीपासनं तुळजापूरपर्यंत कुणालाही लांब जायचं असलं की आधी नानांकडं. त्यांच्या ट्रंकेत रेल्वेची टाइमटेबलं, पेपरातनं कापलेल्या जहाजांच्या तारखा, कुणाकुणाला विचारून उतरवून घेतलेल्या विमानांच्या वेळा, सगळं असायचं. आणि हा माणूस स्वतः नऊ वर्षांत कुर्डुवाडीच्या पुढं गेलेला नाही.

कुणी म्हणायचं, "नाना, दुपारच्याला जहाज हाय. सकाळी मुंबईत उतरलं तर चालंल की!" नाना चष्म्यावरनं बघायचे. "गाडी थांबते. एसटी थांबते. हात केला तर बैलगाडी पण थांबते. जहाज थांबत नाही. दोन दिवस आधी पोच, समुद्र बघ, शेंगदाणे खा."

मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिठ्ठी लिहायचे. वर 'जाणं'. कुठनं, कितीला, कुठं बदलायचं. मग कागद उलटायचा आणि मागं 'येणं'. हे मागचं लिहिल्याशिवाय चिठ्ठी हातात मिळायची नाही. एकदा काशीला निघालेली म्हातारी म्हणाली, "मी कसली परत येते रे बाबा आता!" नाना म्हणाले, "मग आजी, मी जाणं पण लिहीत नाही. जा घरी." म्हातारीनं मुकाट्यानं परतीची तारीख सांगितली.

आम्हाला हे सगळं गमतीचं वाटायचं. गेल्या पौषापर्यंत.

गेल्या पौषात माझ्या अक्काचं, शामलाक्काचं, जायचं निघालं. दाजी आफ्रिकेत मोंबासाला तिकडच्या रेल्वेच्या ऑफिसात आहेत. लग्नानंतर दोन वर्षं अक्का तिकडं जायच्या परवान्याची वाट बघत माहेरीच होती. आता दाजींचं पत्र आलं. गुरुवारी दुपारी चारला मुंबईहून जहाज, आणि परवाना त्याच महिन्याअखेरपर्यंत. हे जहाज चुकलं तर परवाना बाद. परत अर्ज, परत वर्षभर वाट बघणं. सासरचे आधीच बोलायला लागले होते, नांदायची नसली तर तसं सांगा म्हणून. अक्का ट्रंक भरायची, उपसायची, परत भरायची.

आमच्या आण्णांनी ठरवलं, लेक विमानानं जाणार. आम्ही तिघं नानांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

आण्णा म्हणाले, "राघवेंद्रराव, शहरातनं विमान आहे. बुधवारी निघालं की दोन-तीन तासांत मुंबई. शहरात आमचे मेहुणे आहेत, ते मोटारीनं सोडतात."

आण्णांचं शहर म्हणजे हैदराबाद. निजामाच्या दफ्तरात त्यांची उमेदीची वर्षं गेली. विलीनीकरणाला बारा वर्षं झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, तरी आण्णा 'शहर' म्हणले की पूर्वेकडंच बघणार.

नाना म्हणाले, "आण्णासाहेब, पोरीला जायचंय मावळतीला आणि तुम्ही तिला उगवतीला नेताय."

"वक्त वाचतो की."

"वाचतो. विमान उडलं तर. पौष आहे, धुकं पडतं. तिथं अडकली तर पुढं रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस. विमानच पाहिजे तर पुण्याचं धरा. नाही उडलं तर गाडीनं संध्याकाळच्या आत मुंबईत. विमान कुठनं धरावं, हे ते उडल्यावर काय होईल ते बघून ठरवत नसतात. नाही उडलं तर काय, ते बघायचं."

"तुम्ही बसलाय का कधी विमानात?" आण्णांनी टोमणा मारला.

"नाही," नाना म्हणाले. "पण एकीला बसवलंय."

आण्णा तरी शहरावरच अडून बसले. मग नानांनी कागद घेतला आणि लिहिलं. येडशीहून हैदराबाद, मेहुण्यांचं घर, बुधवारचं विमान, मुंबई, जहाज. अक्षर एकदम सुरेख, 'ज'ला खाली लांब शेपूट. कागद उलटला. 'ये' लिहिलं. आणि पेन थांबलं.

"शाई वाळली," नाना म्हणाले.

शाई वाळली नव्हती. मी अगदी जवळ बसले होते. टोकाला थेंब आला होता, तो कागदावर पडला आणि पसरत गेला. नानांनी तीनदा हात टेकवला. बोटं पांढरी पडली. शब्द पुढं गेला नाही.

"असंच न्या," ते म्हणाले, आणि चिठ्ठी अक्काच्या हातात न देता ओसरीवर ठेवली.

मला रात्रभर तो थेंब दिसत राहिला. सकाळी कुणाला न सांगता मी एसटीनं येडशी गाठली. नाना घरी नव्हते. स्टेशनावर होते. दुपारचं ऊन, फलाटावर हमाल धुळाप्पा सोडून कुणी नाही. कुर्डुवाडीकडनं छोटी गाडी आली. नाना पुढं झाले, तिसऱ्या डब्यासमोर उभे राहिले, आणि पिशवी घ्यायला करतात तसा हात पुढं केला. डब्यातनं कुणी उतरलं नाही. गाडी गेली. हात तसाच.

धुळाप्पा हळूच म्हणाला, "रोज हितंच. रोज तिसराच डबा. नऊ वर्सं झाली, बाई. म्या आता इचारत बी न्हाय."

मी सरळ नानांसमोर गेले आणि एका दमात सगळं विचारलं. काल काय झालं, का लिहिलं नाही, कुणाला विमानात बसवलं, अक्काचं काय होणार.

"हळू बोल की," नाना म्हणाले. "तुझं तोंड म्हणजे डाकगाडी, मधलं ठेसनच घेत नाही." आणि बंद तिकीटखिडकीखालच्या बाकड्यावर बसून त्यांनी सांगितलं.

त्यांच्या बायकोचं नाव चंद्रप्रभा. बावन्न साली एडनला तिच्या भावाच्या घरी बाळंतपण होतं, मदतीला जायचं होतं. नाना तेव्हा टाइमटेबलात लई हुशार. त्यांनी अशी वाट काढली की एक दिवस वाया जाणार नाही. सकाळी हैदराबादचं विमान, दुपारी मुंबईचं जहाज. त्याच दिवशी. धुक्यामुळं विमान चार तास उशिरा उडलं. मुंबईत उतरून ती टॅक्सीकडं पळताना बरोबरच्या लोकांनी बघितली. तिची ट्रंक बंदराच्या फाटकाशी सापडली. ती सापडली नाही. जहाजाच्या यादीत नाव नाही, दवाखान्यात नाही, कुठंच नाही. नाना दोन महिने मुंबईत फिरले आणि परत आले.

"मी तिला जाणंच लिहून दिलं होतं, गंगे. येणं म्हणलं नंतर बघू. आणि इथं, याच फलाटावर, गाडी हलली तेव्हा ती काहीतरी झटकत होती. घाईत म्हणाली, 'जाते.' आपल्यात कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात. आणि मी म्हणलं, 'जा.'"



घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, रडत रडत. आण्णा चिडले, दफ्तरात असल्या गोष्टी चालत नाहीत म्हणाले. आईनं चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "ज्या वाटेचं येणं लिहिता येईना, त्या वाटेनं मी लेक पाठवायची नाही. तुम्हाला शहरात जायचंय तर तुम्ही जा, मेहुण्याला भेटून या." विषय संपला.

दुसरी चिठ्ठी नानांनी एका दमात लिहिली. येडशीहून छोटी गाडी, कुर्डुवाडीला बदल, मंगळवारीच मुंबई. मागं 'येणं : नागपंचमीच्या आदल्या दिवशी, कुर्डुवाडीहून सकाळची छोटी गाडी, दुपारी येडशी.' आण्णा हसले, "अहो, पंचमीला आफ्रिकेतनं कुठली येती ती?" नाना म्हणाले, "लेक पंचमीला माहेरी येत असते. मी तेवढंच लिहितो."

आम्ही मंगळवारी पोचलो. धर्मशाळेत उतरलो. गुरुवारी सकाळी आण्णांनी पेपर उघडला, एक बातमी वाचली आणि घडी घालून बुडाखाली ठेवला. ते उठल्यावर मी काढून बघितला. हैदराबादेत दाट धुकं, बुधवारची विमानं उडाली नाहीत.

बंदरावर ही गर्दी. आण्णा कागदपत्रं घेऊन रांगेत, अक्का आणि मी ट्रंकेपाशी. जहाज समोरच उभं, इतकं उंच की मान दुखावी. तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. पस्तिशीची असेल. डाळिंबी लुगडं, पदराला हरभऱ्याएवढं जळकं भोक. तिनं माझं मनगट धरलं. हात गार नव्हता काही, घामेजलेला होता, पळून आल्यावर असतो तसा.

"जहाज गेलं का, बाई?"

आमच्याकडची बोली ऐकून मला आनंदच झाला. मी म्हणलं, "नाही की. हे काय समोर!"

तिनं तिकडं बघितलं. बरोबर जहाजाकडंच बघितलं. आणि म्हणाली, "कुठंय?"

अक्काच्या हातातली चिठ्ठी तिला दिसली. तिनं ती घेतली, 'ज'च्या शेपटावरनं बोट फिरवलं. मग उलटली. मागचं वाचायला तिला लई वेळ लागला. ओठ हलत होते.

"मला हे लिहून दिलं नव्हतं," ती म्हणाली. रागानं नाही. मग माझ्याकडं बघून, "त्यांना सांग, येते म्हणाव."

जहाजाचा भोंगा झाला. आण्णांनी हाक मारली. मी वळून परत बघितलं तर ट्रंकेपाशी अक्का एकटी, हात रिकामा. चिठ्ठी ती घेऊन गेली होती.

अक्का जहाजावर चढली. सुखरूप पोचली, पत्र आलं, दाजींनी बंदरावर नारळाचं पाणी पाजलं असं लिहिलंय. ते सगळं नीट झालं. पण मी येडशीला जाऊन नानांना सांगितलं. सांगायला नको होतं का? माझ्या पोटात काही राहत नाही.

नानांनी एकच विचारलं. "पदराला भोक होतं?"

मी मान हलवली.

"इंजिनाची ठिणगी उडली होती. गाडी हलताना तेच झटकत होती ती. मी कुणाला सांगितलेलं नाही."

त्यांनी अक्कासाठी तिसरी चिठ्ठी लिहून दिली, मी ती मोंबासाला धाडली. पण त्या बाईनं नेलेली चिठ्ठी गेलीच. आणि तिच्यावर तारीख आहे.

परवा गेले तर ट्रंक रिकामी. टाइमटेबलं धुळाप्पाला, जहाजांची कात्रणं शाळेला देऊन टाकली. ओसरी सारवलेली. खुंटीवर धुतलेला सदरा. मी म्हणलं, "नाना, ती नाही उतरली तर?"

"मी चुकीची वेळ लिहीत नाही."

"आणि उतरली तर?"

नाना हसले. एवढ्या वर्षांत त्यांना हसताना मी बघितलं नव्हतं. त्यांनी खिशातनं एक चिठ्ठी काढून दाखवली. स्वतःची. 'जाणं : पंचमीच्या आदल्या दिवशी, येडशीहून, तिसरा डबा.' कुठं जाणं ते लिहिलेलं नव्हतं. मी हिसकावून उलटली. मागं कोरं. मी पेन काढलं, लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. गच्च. माझ्याच्यानं सुटला नाही. शेवटी मी रडत निघाले आणि दारातनं म्हणलं, "येते, नाना." ते काहीच म्हणाले नाहीत.

म्हणून लिहिलं. माझ्या एकटीचं ते ऐकत नाहीत. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात नानांची चिठ्ठी असेल, कितीजण त्या चिठ्ठीनं परत आलेत. पंचमीच्या आधी येडशीला जा, लवकर जा. स्टेशनामागची गल्ली, सारवलेली ओसरी. पेन बरोबर न्या. बसा, चहा मागा, कुठं जायचं नसलं तरी वाट विचारा. आणि उठताना 'येतो' म्हणा, 'येते' म्हणा, आणि त्यांच्या तोंडून 'या' ऐकल्याशिवाय पायरी उतरू नका.