पापडांशेजारची रेकॉर्ड

उडदाच्या पापडांचा वास आला की मला आमची घाटकोपरची गच्ची आठवते. कोणालाच न आठवणाऱ्या एका परदेशी ब्लूज बँडची साठच्या दशकातली रेकॉर्ड मी रद्दीवाल्याकडून उचलून आणली होती. कव्हरवर जांभळे डोळे रंगवलेले आणि आत बुरशी. मी ती धुतली आणि आमच्या घरात ओलं झालेलं सगळं जिथे जातं तिथेच, आईच्या पापडांशेजारी, मे महिन्याच्या उन्हात वाळत ठेवली. तासाभरात तीही पापडासारखीच वाकडी झाली. रेकॉर्ड जमवणारा मित्र ती बघून हसला. "वाट लागली हिची. फेकून दे ना यार, या बँडला तिकडेही कोणी विचारलं नाही." माझं डोकं फिरलं. मी ती त्याच्यासमोरच घरातल्या रेकॉर्ड प्लेअरवर चढवली आणि सुई टेकवली. सुई वरखाली होत राहिली, गिटार गळा काढून हेलकावत राहिली, पण गाणं एकदाही थांबलं नाही. पिठाच्या हातांनी आई दारात येऊन उभी राहिली. "वाजू दे गं," ती म्हणाली, "वाकडे झाले म्हणून मी पापड फेकते का?" आता तीच गाणी मोबाईलवर अगदी सरळ, स्वच्छ ऐकायला मिळतात. मी अजून वाकडीच लावते.