इजाबेलचा दोदोल

सुमनचा फोन मी ठेवला, बटण दाबून बंदच केला, आणि दोदोल कापायला बसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाद्रीबाबांनाही नाही. दर नाताळाआधी कुमसाराला जाते, गुडघे टेकते, बारीकसारीक पापं सांगते आणि हे गिळून परत येते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यावर जमेल तसं लिहिते.

इजाबेल माझी नणंद. लग्न केलं नाही तिनं. माझा मुलगा आन्तोन तिच्या हातांवर वाढला – मी शेतात, नाहीतर काजूच्या बागेत, आणि तो तिच्या कडेवर. बाप्तिस्म्याला त्याला धरलं तेही तिनंच. आमच्यात अशा बाईला मादीन म्हणतात. मादीन डोक्यावर हात ठेवून बेसांव देते, म्हणजे आशीर्वाद. घरातून निघताना, घरी आल्यावर. आणि मरायला टेकली की शेवटचं. ते चुकलं तर त्या मुलाला जन्मभर उणं राहतं, असं आमची माणसं मानतात. मी मानते का? मानत नसते तर हे लिहायला बसले असते का?

त्या वर्षी आन्तोन म्हणाला, आये, यंदा नाताळ मुंबईत कर. तो वांद्र्याला राहतो. मी तोवर मुंबई पाहिली होती ती दवाखान्यापुरती. इजाबेललाही बोलावलं होतं, पण ती म्हणाली, "माका बस सोसणा नाय. तू जा." मग तिनं दोदोल करायला घेतला. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, काळा गूळ – चुलीवर घोटत राहायचं, भांड्याची कड सुटेपर्यंत. हे दोघींचं काम. मी माझी पिशवी भरत होते, म्हणून तिनं एकटीनं घोटला. खोकत होती. मी ऐकत होते. दोदोल तिनं केळीच्या पानात बांधला, म्हणाली, "आन्तोनाक पयलो तुकडो दी." मी गाडीत बसले.

मुंबई चांगली होती. ते का नाकारू? प्रत्येक खिडकीत कागदाचं नक्षत्र, आत दिवा. रस्त्यावर टोप्या घातलेली माणसं, ख्रिस्तांव नसलेलीसुद्धा. आन्तोननं मला निळ्या फुलांचा झगा घेतला. दुकानात माझा हात धरून चालत होता. आमच्या गावात तो कधी माझा हात धरून चालला नव्हता. तिथं तो आला की पाय धुवायच्या आधी इजाबेलच्या खोलीत जायचा.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी सुमनचा फोन आला. सुमन आमची शेजारीण. तिच्याकडे नंबर फक्त माझा. ती घाईत बोलली.

"काकी, इजाबेलबाय बरी नाय. छातीत कफ भरलो, दवाखान्यात नेलाव. डॉक्टर सांगता, काय सांगूक येणा नाय. ती आन्तोनाक हाक मारता. बेसांव देवचा आसा म्हणता. आज रातच्या गाडयेन निघा."

"निघतंव," मी म्हटलं.

मग फोन बंद केला. आन्तोन खुर्चीवर चढून खिडकीत नक्षत्र टांगत होता. त्यानं वळून न बघताच विचारलं, "कोणाचो फोन गो आये?"

"सुमनचो. कोंबड्यांक काय घालू म्हणान इचारता."

"मुंबयत येवनय तुझी कोंबडीच," तो हसला. "वायच ती दोरी दी."

मी दोरी दिली. तेव्हा सांगता आलं असतं. सुरी हातात होती, दोदोल पुढ्यात होता, गाडी सुटायला वेळ होता. मी काय विचार केला? काहीच नाही – असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी विचार केला की सांगितलं तर तो खुर्चीवरून उतरेल आणि जाईल. पहिला तुकडा मी त्याला दिला. त्यानं डोळे मिटून खाल्ला. म्हणाला, आत्येच्या हाताचा.

संध्याकाळी मिस्साला गेलो. चर्चच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, झाडांना दिवे होते. नवा झगा अंगावर होता. मी गायले. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. ती बहुतेक मेली असेल, एवढं मनात येऊन गेलं. नंतर सगळ्यांबरोबर केक खाल्ला.

फोन मी सणानंतर चालू केला. इजाबेल मेली नव्हती. आन्तोनला सांगितलं, आत्येला जरा ताप होता, उतरला.

नवं वर्ष करून मी घरी आले. दवाखान्यात तिच्या उशाशी सुमन बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुंबयची हवा मानवली गो काकी," म्हणाली आणि डबा घेऊन उठली.

आम्ही दोघीच उरलो. इजाबेल हाडांची मोळी झाली होती. तिनं एकच विचारलं.

"वयनी, आन्तोनाक सांगितलंस?"

इथं मी 'नाही' म्हणू शकत होते. गाडी मिळाली नाही, फोन बिघडला, काहीही म्हणू शकत होते. पण नाही म्हटलं असतं तर दोष माझ्यावर आला असता.

"सांगितलंय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मे महिन्यात आन्तोन आला. पाय न धुता सरळ तिच्या खोलीत गेला, खाली बसला, डोकं पुढे केलं. "कशी आसस गो आत्ये?" इजाबेल सुपात तांदूळ निवडत होती. ती निवडत राहिली. तो तसाच बसून राहिला, वाकलेल्या मानेनं. मग उठून माझ्याकडे स्वयंपाकघरात आला.

"आये, आत्येक आता आठवणा नाय काय?"

"वय झाला," मी म्हटलं.

तिला सगळं आठवतं. कोंबडी कुठं अंडं घालते तेही आठवतं. तो फोन करतो तेव्हा ती घ्यायला उठत नाही. मी त्याला सांगते, तिला कमी ऐकू येतं. दोदोल तिनं त्यानंतर केलेला नाही. आन्तोन हल्ली कमी येतो. आला की माझ्याजवळ बसतो.

त्या दुखण्यातून इजाबेल उठली. आता ती बाहेर पडवीत बसली आहे.