प्रकाश एल्कच्या शिकारीला निघतो

चार मास्तर एका किटलीभोवती बसले की किस्से आपोआप साचतात. पण तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या वांकिडीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त साचले ते शाळा सोडून गेलेल्या माणसाचे!

प्रकाश आमच्यात गणित शिकवायचा. आता बायको सुषमासोबत अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. एकदा प्रार्थनेआधी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"ऑफिसातला माइक मले पहाडात शिकारीले नेऊन राह्यला. लायसन्स बी भेटलं! एल्क अन् म्यूल डियर!"

"म्हंजे काय बावा?" आम्ही विचारलं.

"एल्क म्हंजे सांबराचा मोठा भाऊ. म्यूल डियर म्हंजे खेचरासारखे लंबे कान असलेलं हरीण."

खोब्रागडे सर म्हणाले, "लंबे कान पाहाले पहाडात काऊन जातं? माह्या सातवीच्या वर्गात ये! कान हायेत, आयकत कोणीच नाही!"

*

मग तयारी. पाठीवर वजन घेऊन चढायची सवय पाहिजे. प्रकाश रोज जवळची टेकडी चढायचा. वजन म्हणून सुषमा बॅगेत तांदूळ, डाळ, तेल भरून द्यायची. टेकडीवर तिची बहीण राहते, तिथं चहा व्हायचा.

महिन्यानं गणिताच्या मास्तरच्या ध्यानात आलं, येताना बॅग रिकामी असते!

*

माइकनं बजावलं, "एल्कला दुरून वास येतो. मसाल्याचं खाऊ नको."

प्रकाशनं ते ऐकलं, अन् सोबत ठेचा-भाकर बांधली. आमच्या तेलुगूच्या लक्ष्मी मॅडम कॉलवर म्हणाल्या, "अय्यो सर! एल्क पळते, पण अस्वल जेवायला येते!"

*

एल्कला बोलवायची शिट्टी असते. प्रकाशनं ती कॉलवर फुंकून दाखवली. आमच्या फोनचा आवाज फुल!

बाहेर सगळी पोरं रांगेत उभी. हेडमास्तर धावत आले, "आज पीटी कोणी ठेवली?"

*

शेवटी शिकार झाली. म्हणजे, प्रकाश अन् माइक शिकारीला गेले.

प्रकाश शेतकऱ्याचा पोरगा. लहानपण ज्वारीच्या वावरात रानडुकरं हाकलण्यात गेलेलं. पहाटे कड्याआड दोघं दबून बसलेले. धुक्यातून भलामोठा एल्क आला, समोरच्या हिरव्या गवतात तोंड घातलं. माइक कुजबुजला, "मार!"

प्रकाशनं बंदूक उचलली. अन् ताडकन उभा राहून बोंबलला, "हाऽऽड! हुर्र्र! हाऽऽड!"

एल्क पार डोंगरापल्याड!

माइकनं टोपी काढून खाली आपटली. मग म्हणाला, "प्रकाश, खरं सांग. तू कोणाच्या बाजूनं आहेस? माझ्या का त्याच्या?"

प्रकाश म्हणाला, "ज्वारीच्या!"