आगिदोच्या हातातला दोर

ग्रीसमधल्या तैनारॉनच्या किनाऱ्यावर पाणबुड्याचा दोर त्याच्या बायकोनेच धरायचा, अशी रीत. भाऊ आळस करेल, मित्र गप्पांत रमेल. पण जिचं कपाळ त्या दोराला बांधलेलं, तिच्या हातून तो सुटायचा नाही. आगिदो लग्नापासून लिकासचा दोर धरत आली होती. पाणबुड्याची लेक, लहानपणी स्वतः तळ गाठून यायची. लग्नानंतर बुडी सुटली, जीभ मात्र तिखटच राहिली.

दुसरी रीत अशी, की होडीत दोन पाणबुडे हवेत. एक खाली, एक वर तयार. ही रीत गावाने यूफेमसपायी मोडली. यूफेमस समुद्रदेव पोसायडनचा मुलगा; लाटांवरून धावायचा आणि तळवे तेवढे ओले व्हायचे. असा माणूस होडीत असताना तळावरून कापून आणलेल्या स्पंजातला वाटा आणखी एकाला कशाला द्या? माणसं अशीच. देव शेजारी राहायला आला की घराला कडी घालायची विसरतात.

त्या सकाळी समुद्र खवळवणारा दक्षिणेचा वारा सुटला होता.

"आज नको," आगिदो म्हणाली.

होडीचा मालक, म्हातारा थेरोन, हसला. "यूफेमस आहे ना, पोरी! नवऱ्याला काय पदराला बांधून ठेवणारेस?"

खाली सोडलं की पाणी नितळ दिसावं म्हणून लिकासने तोंडात तेल धरलं, झटकन तळ गाठायला धोंडा कवटाळला आणि गेला. दोर सरसरत सुटला, थांबला. मग वर घ्यायचा झटका आला. आगिदोने ओढलं. दोर हलेना. खाली खडकात अडकला होता.

"यूफेमस, जा लवकर!"

तो धावत गेला, लाटांवर गुडघे टेकले, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले, डोकं खुपसलं. पाय काही बुडेनात. धोंडा घेऊन उडी मारली, तर धोंडा निसटून खाली गेला आणि हा अंगणात पडावा तसा पाण्यावर आपटला.

"समुद्र मला आत घेत नाही गं, वहिनी! कधीच घेत नाही!"

"मग आधी बोलायला काय झालं होतं, मेल्या?"

तिने दुसरा दोर कमरेला बांधला आणि त्याचं टोक त्याच्या अंगावर फेकलं. "धर. मी झटका देईन तेव्हा ओढ, त्याआधी नाही." स्पंज कापायचा विळा दातांत धरून ती नवऱ्याच्या दोराने खाली उतरली.

कान फुटायला आले. अंधारात आधी लिकासचे केस हाताला लागले, मग खडकाच्या फटीत रुतलेला दोर. विळा दोनदा निसटला. छाती जळत होती. दोर तुटला तसा तिने लिकासला कवटाळून आपल्या कमरेच्या दोराला झटका दिला.

यूफेमसने दोघांना एका दमात वर खेचलं. थेरोनने लिकासला पालथा घालून पाठ दाबली. बराच वेळ काही नाही. मग तो खोकला, ओकला आणि पहिला श्वास मिळताच थेरोनला शिवी हासडली. आगिदो नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

यूफेमस होडीत चढला नाही. बाजूला पाण्यावरच बसून राहिला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "खाली माझे बाबा दिसले का गं?"

तिच्या जिभेवर टोमणा तयार होता. त्याचा चेहरा पाहून तिने तो गिळला.

"नाही हो, भाऊजी," ती म्हणाली. "खूप अंधार होता."